फोंडा सोडून दुबईला जावं का? तिथला उन्हाळा सोसेल का?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला राहता, दुबईत नोकरी मिळतेय, पगार इथल्या तिप्पट आहे, पण उन्हाची धास्ती वाटते आणि बायकोला व ३ वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावं की नाही ते ठरत नाही. मीही गोव्याचीच, डिचोलीची. २०१३ ते २०२४ अशी अकरा वर्षं आम्ही दुबईत, करामा भागात काढली. पहिली पाच वर्षं मी घरी होते, पुढची सहा नोकरी केली. उन्हाळा तोच होता, पण या दोन काळांत तो मला वेगवेगळा जाणवला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हवेबद्दल. मी निघाले तेव्हा चार जणांनी सांगितलं होतं, "वाळवंटातलं ऊन कोरडं असतं, घाम येत नाही, गोव्यापेक्षा बरं." हे रियाधला लागू पडेल. ते समुद्रापासून लांब, उंचावर आहे. दुबई समुद्राला लागून आहे आणि तो समुद्र उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. ऑगस्टपर्यंत पाणी ३३-३४ अंशांपर्यंत तापतं आणि त्यावरून येणारा वारा वाफ घेऊनच येतो. आपण मे महिन्यात घामाने निथळतो तेव्हा गोव्यात पारा ३३-३४ च्या घरात असतो. तसाच दमटपणा ठेवा आणि पारा ४१-४२ वर न्या, म्हणजे तिथला जुलै कळेल. रात्रीसुद्धा तो ३० च्या आसपासच राहतो. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा धुरकट होतात. घाम येतो पण सुकत नाही, म्हणून अंग निवत नाही.

नळाचं पाणीसुद्धा तापतं. टाक्या गच्चीवर असतात, त्यामुळे जूनपासून थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. शेजारच्या केरळच्या चेचीने (चेची म्हणजे मल्याळीत ताई) मला युक्ती शिकवली: उन्हाळाभर गीझर बंद ठेवायचा. त्याची टाकी घरात, एसीच्या गारव्यात असते, त्यामुळे तिच्यातलं पाणी निवतं. मग आंघोळ गरम पाण्याच्या नळाने करायची. आमच्या मुलीला आम्ही पाच वर्षं तशीच न्हाऊ घातली.

पण एवढं असूनही, उन्हामुळे दुबई सोडलेला माणूस मला ऑफिसात काम करणाऱ्यांमध्ये एकही भेटला नाही. माझ्या नवऱ्याला दिवसातून दहा मिनिटंही ऊन लागत नसे. घर, मेट्रो, ऑफिस, सगळीकडे एसी. बसस्टॉपसुद्धा एसीचे असतात. माझे धाकटे दीर मात्र बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होते. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. चांगला कायदा आहे तो. पण सकाळी अकराचं ऊन आणि दुपारी साडेतीनचं ऊन त्यात येत नाही. दोन उन्हाळ्यांत दीर इतके वाळले की सासूबाई त्यांना बघून रडल्या. तुमचं काम आत आहे की बाहेर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बाहेरचं असेल तर तिप्पट पगारालाही मी हो म्हणणार नाही.

आता मुख्य गोष्ट. एसीचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून तिथे दार सतत बंद असतं. उन्हाळ्याची खरी किंमत मला या बंद दारात दिसली. आपल्याकडे दार दिवसभर उघडं असतं. अंगणात मूल खेळतं, शेजारीण हाक मारून आत येते, सकाळी पदेराची, म्हणजे पाववाल्याची, पों पों ऐकू येते. तिथे मे ते सप्टेंबर पाच महिने मी, माझी लेक आणि एसीची घरघर. चेचीशी ओळख व्हायलाच आठ महिने लागले, आणि तीही लिफ्ट बंद पडली म्हणून. मुलगी दुपारभर खिडकीला नाक लावून बसायची. संध्याकाळी सात वाजता बागेत न्यावं तरी घसरगुंडी बसण्याजोगी निवलेली नसे. दोघींचं रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व अगदी कमी. बाहेर एवढं ऊन आणि ते अंगाला लागत नाही, ही तिथे घरोघरची तक्रार आहे.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये आमच्या इमारतीचा एसी दोन दिवस बंद पडला. घरमालकाचा माणूस "उद्या होईल" एवढंच सांगत राहिला. पहिली रात्र आम्ही मुलीच्या अंगावर ओला पंचा ठेवून काढली. दुसऱ्या रात्री ओळखीच्यांकडे झोपायला गेलो. गोव्यात वीज गेली तर आपण बाहेर सोप्यावर येऊन बसतो. तिथे बाहेर जाऊन उपयोग नसतो.

नोकरी लागली आणि हे सगळं बदललं. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बायकोलाही वर्क परमिट काढून नोकरी करता येते. मला एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर काम मिळालं. ऊन तेच, पण दिवसभर माणसांत होते. रात्री दहाला ड्यूटी संपली की मेट्रोच्या बायकांच्या डब्यातून एकटी घरी यायचे आणि मनात भीती नसायची. डिचोलीत संध्याकाळनंतर बस मिळायची पंचाईत. तिथे मी पहिल्यांदा कुणाच्या सोबतीशिवाय शहरभर फिरले. हे माझ्या दृष्टीने पगाराइतकंच मोलाचं आहे.

आणि नोव्हेंबर ते मार्च! त्या महिन्यांबद्दल गोव्यात कुणी बोलत नाही. जानेवारीत रात्री पारा १४-१५ वर येतो, अख्खं शहर बाहेर असतं. एक दिरहम देऊन अब्रामधून, म्हणजे त्यांच्या लाकडी होडीतून, खाडी ओलांडायची, देऱ्याच्या बाजारात हिंडायचं, सुट्टीच्या दिवशी वाळवंटात चटई टाकून जेवायचं. तिथल्या वाळूत घाफ नावाचं झाड दिसतं, ते त्यांचं राष्ट्रीय झाड. घाफ म्हणजे आपली शमी, हे मला चौथ्या वर्षी कळलं. त्या दसऱ्याला आम्ही मुद्दाम गाडी काढून एका शमीपाशी गेलो, हात जोडले आणि पान न तोडता परत आलो.

पैशाचं थोडक्यात. पगारावर आयकर नाही. पण ऑफर लेटरमध्ये बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती आहे ते बघा, कारण ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांची, पुढे ३० दिवसांची. घरभाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. घर घेताना "चिलर फ्री" आहे का विचारा, म्हणजे एसीच्या गारव्याचं बिल मालकाकडे. नसेल तर उन्हाळ्यात बिलाचा आकडा फुगतो. मुलगी लवकरच शाळेत जाईल, तिची फी कंपनी देणार का, हे आत्ताच लिहून घ्या. नोकरी गेली की राहण्याचा परवानाही जातो, म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा.

आणखी एक, ज्याचा मी आधी विचार केला नव्हता. शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हाच सगळे दुबईतून पळतात आणि विमानाची तिकिटं कडाडतात. आमच्या मुलीने गोवा पाहिला तो असा दरवर्षी पावसात. सात वर्षांची असताना तिने आजीला विचारलं, "इथे रोज पाऊस पडतो?" आणि शाळा उघडायची वेळ आली की चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आलेली असायची. घरी माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीची, तयारी सुरू, आणि आम्ही विमानतळाच्या वाटेवर. अकरा वर्षांत तीन चवथी मिळाल्या. परत यायचं ठरलं त्यात उन्हाचा वाटा नव्हता, या उरलेल्या आठ चवथींचा होता.

तुमचं काम आतलं असेल तर माझ्या मते जा. पण तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात पगार आहे, तापमान आहे, मुलीची शाळा आहे. बायको तिथे दिवसभर काय करणार, ते कुठेच नाही. तिला आधी विचारा. ती शिकलेली असेल, काम करायची इच्छा असेल, तर तिची कागदपत्रं आणि प्रमाणपत्रांचं साक्षांकन इथूनच करून घ्या, तिथे गेल्यावर त्यात महिने जातात. घर मेट्रोपासून पायी पाच मिनिटांत असू दे, भाडं थोडं जास्त पडलं तरी. आणि दोघींना पहिल्यांदा न्याल तर हिवाळ्यात नेऊ नका. महिन्याच्या व्हिसावर ऑगस्टमध्ये न्या, तुम्ही रोज कामावर जा, आणि महिना संपल्यावर तिला विचारा.