ॲनिमोन नसेल तर क्लाऊनफिश जगतो का? माझी जोडी दिवसभर टाकीच्या एकाच कोपऱ्यात का बसते?

ॲनिमोन म्हणजे फुलासारखा दिसणारा, दंश करणारा समुद्री प्राणी. त्याच्याशिवाय क्लाऊनफिश मजेत जगतो. दुकानदार 'दोन्ही सोबतच घ्या' म्हणाला असेल तर मनावर घेऊ नका. समुद्रात शत्रूंपासून जीव वाचवायला क्लाऊनफिशला ॲनिमोन लागतो. तुमच्या टाकीत त्याला खायला कोण येतंय? उलट ॲनिमोनलाच जोरदार प्रकाश आणि बऱ्याच महिन्यांची मुरलेली टाकी लागते. नव्या टाकीत तो मेला, की पाणी नासवून माशांनाही सोबत नेतो.

कोपरा धरणं हा त्यांचा स्वभावच. हीटरजवळ किंवा पंपामागे एक जागा पकडतात आणि रात्री तिथेच तिरके होऊन झोपतात. नवीन माणसाचा जीव खालीवर होतो, पण खाणं टाकल्यावर झेपावत असतील तर काळजी नको. कल्ले भराभर हलताहेत, घास तोंडात घेऊन थुंकताहेत, अंगावरून पांढरट बुळबुळीत थर सुटतोय, असं दिसलं तर मात्र त्याच दिवशी हालचाल करा. तो थर बहुधा ब्रुकलिनेला या सूक्ष्म परजीवीच्या रोगाचा असतो आणि मासा बघता बघता जातो. उपचार फॉर्मालिनचा, तोही वेगळ्या टाकीत आणि जाणकाराला प्रमाण विचारूनच. तांब्याचं औषध यावर चालत नाही. मुख्य टाकीत घातलंत तर कोळंबी आणि प्रवाळ मात्र मरतील. हा रोग समुद्रातून धरून आणलेल्या माशांत जास्त, म्हणून हॅचरीतलेच, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेलेच मासे मागा. तमिळनाडूतल्या मंडपमला सी.एम.एफ.आर.आय. या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास कधीच यशस्वी केली आहे, आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोलीलाही हॅचरी झाली.

बाकी सगळा खेळ पाण्याचा, आणि आपल्याकडे तो उन्हाळ्यात बिघडतो. तापमान २४ ते २७ अंश हवं. एप्रिल-मेमध्ये टाकी सहज तिशी ओलांडते. पाणी थंड ठेवणारं यंत्र, म्हणजे चिलर, परवडत नसेल तर पाण्यावर छोटा पंखा लावा. पुण्याच्या कोरड्या हवेत चांगला उतार पडतो, मुंबईच्या दमटपणात कमी. पण पंख्याने पाणी भराभर उडतं, मीठ उडत नाही. कमी झालेलं पाणी खारं पाणी ओतून भरणारे पुष्कळ भेटतात, मग क्षारता चढत जाते आणि मासे का मरगळले ते कळत नाही. उडालेल्या पाण्याची भर गोड्या आर.ओ. पाण्याने, तीही रोज थोडी थोडी. क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास राहू द्या. स्वयंपाकघरातल्या आर.ओ.चं पाणी आधी टी.डी.एस. (विरघळलेले क्षार) मीटरने तपासा, कारण बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी मिसळलेलं असतं. आकडा शून्याजवळ हवा.

पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्य नसतील तर टाकी अजून तयार नाही, त्यात मासे सोडायचे नाहीत. तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आठवड्याला १० टक्के पाणी बदला. त्यासाठी सागरी मीठ आदल्या दिवशीच कालवून पंपाने फिरत ठेवा. घरातलं मीठ चालत नाही.

जोडीत तिसरा क्लाऊनफिश आणू नका. दोघांतला मोठा मादी होतो आणि मग तिसऱ्याला टोचून टोचून मारतात.

लाईट जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवरचा एअर पंप आजच घेऊन ठेवा. पंप बंद पडला की खाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर उतरतो.