चार महिने पाळी नाही, म्हणून हे पत्र

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वजन उतरल्याचा आनंद पानभर, आणि शेवटी जाता जाता एक ओळ: चार महिने पाळी आली नाही, बरंच झालं, कटकट गेली. त्या एका ओळीसाठी लगेच लिहायला बसले.

ही सुटका नाही गं. पोटाला पुरेसं न देता व्यायाम रेटला की शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, आणि हाडांची झीज आवरून धरतं ते तेच. हाड वरून दगडासारखं वाटतं, पण आत जुनं पोखरणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशींचं काम जन्मभर चालू असतं. इस्ट्रोजेन घटलं की पोखरणाऱ्यांना अडवणारं कोणी राहत नाही. पाळी कायमची गेल्यावर बायकांचं हेच होतं. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता 20 टक्क्यांपर्यंतही घटू शकते. तू ते बाविसाव्या वर्षीच ओढवून घेते आहेस, तेही ऐन हाडं भरायच्या वयात. तिशीपर्यंत जे जमतं त्यावरच पुढे निभवायचं असतं.

माझ्या आईचं तुला कधी सांगितलं नाही. छप्पन्नाव्या वर्षी ती ओल्या फरशीवर घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, काढलं, सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. नुसतं घसरून हाड मोडतंच कसं, हे ना डॉक्टरांनी विचारलं ना मी. पुढे काही वर्षांनी वरच्या फळीवरचा डबा ती मला काढायला सांगू लागली. पूर्वी तोच डबा ती टाचाही न उचलता काढायची. पाठ दुखते म्हणाली की मी मलम चोळून द्यायचे. एक्स-रे काढला तेव्हा दोन मणके दबलेले निघाले, मधल्या काळात एकदाही न पडता. मनगट मोडलं तेव्हाच हाडांची तपासणी केली असती तर, ही चुटपुट अजून जात नाही. पन्नाशी ओलांडलेल्या दर तीन बायकांत साधारण एकीचं हाड ठिसूळपणामुळे कधीतरी मोडतं, आणि तरीही घरोघरी ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो.

तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. थायरॉईडसकट सगळी कारणं त्या तपासतील. गोळी घेऊन पाळी आली म्हणजे प्रश्न मिटला असं मात्र समजू नकोस. खाणं भरपूर झाल्याशिवाय हाडांचं नुकसान भरून येत नाही. तुझ्या वयाला दिवसाला 1000 मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. मोठ्या पेलाभर दुधात त्यातलं साधारण 300 मिळतं, बाकीचं दही, पालेभाज्या, तीळ यांतून येऊ दे. पालकावर भिस्त ठेवू नकोस, त्यातलं कॅल्शियम शरीरात फारसं शोषलं जात नाही. ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारूनच घे. पोहणं सोडू नकोस, पण पाण्यात हाडांवर भार पडत नाही, म्हणून जिने चढ, दोरीच्या उड्या मार, वजनं उचल. पाळी नीट सुरू झाल्यावर हं, आत्ता व्यायाम थोडा आवर. सिगारेटचं तुला सांगायला नको.

आणि एक काम. तुझ्या आईला अनवाणी भिंतीला टेकून उभं कर, डोक्यावर पट्टी ठेवून खूण कर. जुन्या कुठल्यातरी कागदावर तिची तरुणपणची उंची असेल. चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक निघाला तर मणक्यांचा एक्स-रे आणि डेक्सा ही घनतेची तपासणी करून घ्या. डेक्साचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली असला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आणि त्यावर चांगली औषधं आहेत. माझ्या आईला ती फार उशिरा मिळाली.

उंचीचा आकडा मला कळव. डॉक्टरांची वेळ कधीची घेतलीस तेही.

तुझी,
मावशी