लांबच्या गेटला व्हिडिओ इंटरकॉम: आधी अंतर मोजा

भाऊ, यंत्र घेण्याआधी टेपने अंतर मोजा. लॅनची, म्हणजे नेटवर्कची तांब्याची केबल 100 मीटरपर्यंतच खात्रीची. तुमचं गेट केळीच्या बागेपलीकडे 150 मीटरवर असेल, तर सरळ फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल जोडणारी डबी लावा. वायफायच्या नादी लागू नका: बाग वाढली की ओल्या पानांत सिग्नल मरतो.

खरी फसगत विजेत होते. घरातून 12 व्होल्ट पाठवले, तर 1.5 चौरस मिमी तांब्याच्या तारेतही जाऊन-येऊन 300 मीटरला साधारण 3.6 ओहम रोध येतो. इंटरकॉम अर्धा अँपिअर घेतो तेव्हा 1.8 व्होल्ट गळतात, तेवढं चालून जातं. पण गेटचं विजेवरचं कुलूप उघडताना वरून आणखी 1 अँपिअर ओढतं, मग 5.4 व्होल्ट गळतात आणि गेटवर जेमतेम 6.6 व्होल्ट उरतात. कुलूप नुसतं कुरकुरतं आणि त्याच क्षणी स्क्रीन काळी पडते. लोक यंत्राला दोष देतात, दोष तारेचा असतो. म्हणून गेटपर्यंत 230 व्होल्ट न्या, वेगळ्या एमसीबीवर (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि अडॅप्टर व बॅटरी तिथेच बंद पेटीत ठेवा. भारनियमनात तीच बॅटरी कामाला येते. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाचे सांधे ओढते. त्यामुळे अखंड एचडीपीई (जाड काळ्या प्लास्टिकचा) पाइप अडीच फूट खोल गाडा. फायबर आणि वीज वेगवेगळ्या पाइपांतून. कॅमेरा पश्चिमेला तोंड करून नको, संध्याकाळी चेहरे दिसणार नाहीत. वर पत्र्याची छोटी छत्री मात्र हवीच, मे महिन्यातलं जळगावचं ऊन गेटवरच्या यंत्राला सोसत नाही.