भाचा पीएसआय झाला, त्याला पिस्तूल गिफ्ट द्यायचंय, मुंबईत कुठलं घेऊ?

कुठलंच घेऊ नका, कारण तुमच्या नावावर घेऊन त्याच्या हातात देणं आपल्याकडे चालतच नाही. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणे ज्याला हत्यार ठेवायचंय त्याचंच लायसन्स लागतं, मुंबईत ते पोलीस आयुक्तांकडून मिळतं, आणि ड्युटीचं हत्यार त्याला खातंच देणार, सही करून घ्यायचं आणि परत जमा करायचं, घरच्या पिस्तुलाचा तिथे काही उपयोग नाही. माझे वडील मुंबई पोलिसातून रिटायर झाले, त्यामुळे हे सगळं घरात जवळून बघितलंय.

हां, त्याने स्वतः अर्ज करून स्वतःचं लायसन्स काढलं तर पैसे तुम्ही द्या, पण निवड त्याचीच असू दे, कारण हातात नीट बसणं सगळ्यात महत्त्वाचं. तेव्हाही ९ एमएम नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) येतं, साधारण .३२ बोअरचंच मिळेल.

आत्ता द्यायचंच असेल तर चांगले ड्युटीचे बूट आणि आतले मऊ सोल द्या. गणपतीच्या बंदोबस्तात तासन् तास उभं राहून पायांची जी हालत होते ना, तेव्हा मामाची खरंच आठवण काढेल तो.