बाईंना विचारा : काय कारण काढलंय?

सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.

प्रश्न : बाई, माझं वय ५६. घरचे यंत्रमाग आहेत, मालक आणि मुलगा ते बघतात. सून बँकेत. सासूबाई ७९ च्या, पण हिंडत्याफिरत्या. आता मला बऱ्यापैकी मोकळीक आहे. भिशीतल्या बायका केरळला निघाल्या, मी नाही म्हटलं. मला एकटीलाच एक दिवस कुठंतरी जावंसं वाटतं. जेवताना बोलून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘काय कारण काढलंय?’ मला उत्तर सुचेना. मी फिरलेच नाही असंही नाही. पुण्याला थोरलीच्या बाळंतपणाला दोन महिने होते, मिरजेला सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी राहिले, पंढरपूर सासूबाईंबरोबर झालं, तुळजापूरला मुलाच्या लग्नानंतर ओटी भरायला गेलो. पण स्वतःसाठी म्हणून दोनशे रुपये मोडायचे तर हात आखडतो. ही चैनच नाही का?
– एक वाचक, इचलकरंजी

अहो ताई, तुमचं पत्र वाचताना मी पेन्सिलीनं गावांच्या नावाखाली रेघा मारल्या. पुणे, मिरज, पंढरपूर, तुळजापूर. चारही गावांना कुणीतरी चिकटलेलं आहे. थोरली, सासरे, सासूबाई, मुलगा. मिरजेत एवढे दिवस काढलेत, पण दवाखाना, औषधाचं दुकान आणि जेवणाचा डबा यापलीकडं मिरज दिसली का? तिथं सतारमेकर गल्ली आहे. दुकानाच्या दारातच कारागीर मांडीवर भोपळा घेऊन बसलेला असतो. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. ते वाळवून, कापून, त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात आणि देशभरच्या गवयांकडं जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. लाकडाचा भुसा, लाखेचा वास, मधूनच कुणीतरी एक तार छेडून बघतो आणि खुंटी पिळतो. उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत. तुम्हाला ते दिसलं नाही, कारण तुम्ही तिथं कामाला होतात. पुण्यात कुकर आणि लंगोटांशिवाय काय पाहिलंत, तेही मी विचारत नाही.

म्हणून सासूबाईंना उत्तर असं द्या, की कारण काही नाही. एवढंच. मनगटाला कळ आली म्हणून डॉक्टरला दाखवून येते, जाता जाता नवस फेडून येते, असली सोयीची कारणं शोधू नका. एकदा कारण पुरवलंत की पुढच्या वेळी त्याहून मोठं लागतं. आणि विचारू नका, सांगा. ‘बुधवारी मी खिद्रापूरला चाललेय, संध्याकाळपर्यंत येते. भाकऱ्या करून ठेवते.’ भाकऱ्या ठेवाच, क्रांती एकदम नको.

खिद्रापूर मी मुद्दाम सुचवते. तुमच्यापासून लांब नाही. कुरुंदवाडला जायचं, तिथून पुढची गाडी. गाड्या कमी आहेत, तेव्हा उतरतानाच कंडक्टरला परतीची वेळ विचारून घ्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुमचे ते दोनशे रुपये मोडणारही नाहीत. गुरुवार आणि पौर्णिमा टाळा. वाटेत नरसोबाची वाडी लागते आणि त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

गावात कृष्णेच्या काठाला कोपेश्वराचं देऊळ आहे. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. सतीनं दक्षाच्या यज्ञात देह टाकला म्हणून कोपलेला महादेव आणि त्याची समजूत घालायला आलेला विष्णू, असे दोघंही गाभाऱ्यात आहेत. महादेवासमोर नंदी नाही. तो नदीपलीकडं कर्नाटकात, यडूरला आहे, असं सांगतात. बाहेरच्या भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग आहे, देऊळ त्यांच्याच पाठीवर उभं. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्यात. गाइड मिळाला तर ऐका, नाही मिळाला तर बिघडत नाही.

पण तुम्ही जायचं ते पुढच्या मंडपासाठी. त्याला स्वर्गमंडप म्हणतात. ४८ खांब, आणि मधोमध छताला गोल मोकळी जागा, बांधतानाच ठेवलेली. तिच्याभोवती १२ खांब आणि बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला रात्री चंद्र वर आला की तिथं गर्दी उसळते. मला त्या गर्दीपेक्षा साधी दुपार आवडते. वरून उन्हाचं एक गोल ताट खाली येतं आणि फरशीवरून हळूहळू सरकत जातं. थंडीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, म्हणून हे ताट शिळेवर न पडता उत्तरेच्या खांबांकडं सरकलेलं असतं. मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला तुमची सावली तुमच्या पायाखाली आणि ऊन शिळेवर. वर्गात मी हे फळ्यावर काढून शिकवत असे. पोरं घोकत, तीन मार्कांना उतरवत आणि विसरत. त्या मंडपात कडेला पाय पसरून बसलं तर घोकावं लागत नाही. सुरुवातीला चुळबुळ होईल. घड्याळ बघाल, पिशवीची चेन उघडाल, घरी फोन लावावासा वाटेल. पोचल्याचा एक फोन करा आणि मग तो आत ठेवा. खांबाचा दगड दुपारीसुद्धा गार असतो, पाठ टेकून बघा. ऊन एका फरशीवरून दुसरीवर गेलं की उठलात तरी चालेल.

डबा बरोबर घ्या. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, दाण्याची चटणी. वांगं कृष्णाकाठचंच असू दे, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही, पण हल्ली बाजारात कुठलीही वांगी त्या नावानं खपतात. मात्र तुमच्या वाट्याला ते सगळ्यांचं वाढून झाल्यावर तळाशी उरलेलं, फुटलेलं येत असणार. त्या दिवशी डब्यात सर्वांत चांगलं वांगं घाला, देठासकट. बाकीचं घरच्यांना.

आता अडचणीचं. स्वच्छतागृहाची सोय मोठ्या देवस्थानाच्या गावी मिळते, आडगावात भरवसा धरू नका. म्हणून येताना वाडीला उतरा. पादुकांचं दर्शन घ्या किंवा घाटावर नुसत्या बसा. पावसाळ्यात पाणी देवळात शिरतं, उत्तरेच्या दारानं येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वाराच्या स्नानाला माणसं धावतात. तुम्ही पूर नसताना जा. मग दुकानात बसून एक वाटी बासुंदी मागवा. बसून, वाटीतून. पार्सल नाही. आणि घरी पेढे, कवठाची बर्फी, शेजारणीला प्रसाद, यातलं त्या दिवशी काहीही आणायचं नाही. वासावरून ओळखतील, ओळखू देत.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांनी प्रश्न विचारला तो वाईट मनानं विचारला असं मला वाटत नाही. त्यांच्या काळी बाई घराबाहेर पडली की कुणीतरी जन्मलेलं तरी असायचं किंवा गेलेलं तरी. ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. तुम्ही एकदा एकट्या जाऊन आलात की कधीतरी त्यांनाच विचारा, कुठं जायचंय म्हणून. मात्र पहिली खेप त्यांना घेऊन नाही. तसं केलंत की तुमच्या यादीत पाचवं गाव वाढेल आणि त्यालाही कुणीतरी चिकटलेलं असेल.

प्रश्न : बाई, मी २२ वर्षांचा, नोकरीसाठी पुण्यात आलोय. रविवारी मेस बंद असते. हॉटेलात एकटा जेवायला बसलो की सगळे बघतायत असं वाटतं. मोबाइलमध्ये तोंड खुपसून जेवतो, काय खाल्लं ते कळतही नाही. नाहीतर वडापाव घेऊन खोलीवर येतो.
– एक वाचक, पुणे

अरे, पुण्यात हॉटेलात कुणी तुझ्याकडं बघत असेल तर ते तू कधी उठतोस हे बघतंय. रविवारी दुपारी टेबलासाठी माणसं डोक्यावर उभी असतात, त्यांना तुझ्या एकटेपणाशी देणंघेणं नाही.

आणि एकट्यानं जेवण्यात नवं काय आहे? मुंबईत गिरणगावातल्या खाणावळी कुणाच्या जिवावर चालल्या? बायकोपोरांना कोकणात, देशावर ठेवून आलेल्या एकट्या गड्यांच्या. बायका आपल्या खोलीत रांधून त्यांना जेवू घालायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे एकट्या जेवणाऱ्यांनी एक आख्खा धंदा उभा केलाय, तू लाजतोस कशाला?

पुढच्या रविवारी साधी खाणावळ शोध, जिथं दोन अनोळखी माणसं एकाच टेबलावर बसवतात. मोबाइल खिशात ठेव. ताट आलं की आधी नुसतं बघ. आमटीला फोडणी कशाची आहे, कोशिंबिरीत दाण्याचं कूट आहे का, पोळी घडीची आहे की फुलका. वाढप्याला विचार, आज काय चांगलं झालंय. तो खरं सांगतो, कारण त्याला परत ते उचलून न्यायचं नसतं. आणि ताक माग. पोरं विसरतात.

प्रश्न : बाई, मी ७१ वर्षांचा, निवृत्त हेडक्लार्क. पत्नी गेल्यापासून मन लागत नाही. नात सांगते, ‘आजोबा, रोज रात्री डायरीत स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट लिहा.’ पण ही आत्मस्तुती झाली. समर्थांनी ‘आपली आपण करी स्तुती’ हे मूर्खाचं लक्षण सांगितलंय. आमच्या वडिलांनी तर… (पुढं दोन पानं वडिलांच्या शिस्तीबद्दल आहेत. – बाई)
– एक वाचक, सातारा

साहेब, समर्थांच्या त्याच ओवीत पुढं ‘सांगे वडिलांची कीर्ती’ हेही मूर्खाचंच लक्षण म्हणून आलंय. म्हणजे एका लक्षणाला भिऊन तुम्ही दुसरं दोन पानं लिहून पाठवलंत. थोडं हसा आणि नातीचं ऐका.

विशेषणं वापरू नका, म्हणजे स्तुती होणार नाही. ‘मी कष्टाळू आहे’ असं लिहिलंत तर तुमचा तुम्हालाच संकोच वाटेल. ‘आज गॅसची नळी बदलून घेतली’, ‘मुगाची खिचडी केली, खाली लागली नाही’, ‘अजिंक्यताऱ्याच्या निम्म्या वाटेपर्यंत गेलो, तिथं बसलो’ असं लिहा. हेडक्लार्क होतात, आवक-जावक रजिस्टर आयुष्यभर भरलंत. तारीख, काम, शेरा. शेऱ्याचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

ज्या दिवशी काहीच घडलं नाही, त्या दिवशी ‘काही नाही’ असं लिहून सही करा. पत्नीबद्दल लिहावंसं वाटलं तर लिहा, पण त्यासाठी वेगळी वही घ्या. आणि नातीला रोज दाखवू नका. ती गोड आहे, पण लाल पेन घेऊन बसेल. मी ओळखते असल्या मुलींना.