वाचकांचे प्रश्न: १९५७ ला नक्की जिंकलं कोण?

प्रश्न : आमचे बाबा छातीठोकपणे सांगतात की १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला लोळवलं. मी मोबाईलवर बघितलं तर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणच आणि सरकारपण काँग्रेसचंच. यावरनं जेवताना दोनदा वाजलंय आमचं. बाबा चुकतायत का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नाही हो, बाबांचंही बरोबर आणि मोबाईलचंही. घोळ असा की तुम्ही निकाल बघताय अख्ख्या मुंबई राज्याचा आणि बाबा सांगतायत आपल्या अंगणातला, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला.

आधी ते मुंबई राज्य म्हणजे केवढं होतं ते बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी-गुजराती असं द्विभाषिक झालं, म्हणजे इकडं आपण, मुंबई, कोकण, खानदेश, त्यात मराठवाडा नि विदर्भ जोडला आणि वर गुजरात, सौराष्ट्र, पार कच्छपर्यंत सगळं एकाच विधानसभेत. जागा ३९६. लोकांना पाहिजे होता मुंबईसह महाराष्ट्र, त्यासाठी फ्लोरा फाउंटनला गोळ्या खाल्ल्या, शंभरावर माणसं गेली, आणि हातात काय पडलं तर हे असलं गाठोडं. चिडणारच की लोक.

त्या चिडीवर समिती उभी राहिली. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एरवी एकमेकांचं तोंड बघणार नाहीत अशी मंडळी एका स्टेजवर. मतं फुटली नाहीत, हाच खरा डाव. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण झाली. आचार्य अत्रे दादरमधून विधानसभेत गेले, एस. एम. जोशी पुण्यातून. लोकसभेला साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, आणि आपल्या कोल्हापुरातून शेकापचे भाऊसाहेब महागावकर नि फेडरेशनचे शंकरराव दिगे. खुद्द यशवंतराव कराडात शेकापच्या केशवराव पवारांपुढं थोडक्यात वाचले, आणि ते त्या वेळी मुख्यमंत्री होते बरं का!

पण गुजरात आणि विदर्भ काँग्रेसला धरून राहिले, मराठवाड्यानंही बऱ्यापैकी हात दिला, त्यामुळं ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसच्याच. बहुमताला १९९ लागत होत्या, म्हणजे पस्तीस जास्तच. तरी १९५२ शी ताडून बघा, तेव्हा ३१५ पैकी २६९ होत्या (त्याच वेळी मोरारजी देसाई स्वतःच्या मतदारसंघात १९ मतांनी पडले आणि तरी मुख्यमंत्री झाले, हे बाबांना सांगा, खूश होतील). कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर आपल्या तालमीचे गडी मैदान मारून आले, पण ढाल दुसऱ्या तालमीत गेली.

माझं म्हणाल तर मी बाबांच्या बाजूचा. मराठी मुलूख बरोबर नाही म्हटल्यावर द्विभाषिक ओढायचं किती दिवस? तीन वर्षांत, १ मे १९६० ला महाराष्ट्र झालाच. आणि गंमत बघा, मागणी पुरी झाल्यावर समितीला धरून ठेवणारं काही उरलंच नाही, १९६२ ला काँग्रेस २६४ पैकी २१५ घेऊन परत आली. हा भाग बाबा सांगत नसतील.

प्रश्न : आज्जी म्हणते, "आम्ही शिक्का बिक्का काही मारला नाही, कागद नुसता पेटीत टाकला, ते पण दोन." वय झालंय म्हणून विसरली असेल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आज्जी काही विसरलेल्या नाहीत. १९५२ आणि १९५७ ला मतपत्रिकेवर खूण करायची पद्धतच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, बैलजोडी म्हणजे काँग्रेस, झोपडी म्हणजे प्रजा समाजवादी. तुम्ही पडद्याआड जायचं, आपलं चिन्ह शोधायचं आणि कोरा कागद त्या पेटीच्या फटीत सारायचा, संपलं. माझी आज्जी सांगायची, आत गेल्यावर पाच-सहा पेट्या मांडलेल्या बघून घाम फुटला, बाहेर नवरा खोकून खोकून खुणा करतोय, आणि हिनं जे करायचं तेच केलं. काय केलं ते मरेपर्यंत सांगितलं नाही.

आता दोन कागदांचं. काही मतदारसंघ दोन जागांचे असायचे, एक सर्वसाधारण नि एक राखीव. कोल्हापूरची लोकसभेची जागा तशीच होती, वर महागावकर आणि दिगे अशी दोन नावं दिली ती त्यामुळंच. तिथं मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. शिवाय विधानसभेचं मतदान त्याच वेळी, म्हणजे त्याचा कागद आणखी निराळा. ही दोन जागांची पद्धत १९६१ ला बंद झाली. आणि हो, वय तेव्हा २१ लागायचं, आजच्यासारखं १८ नाही.

प्रश्न : कोल्हापूरनं मुंबई विधानसभेला किती वेळा मतदान केलं?
– एक विद्यार्थी, चंदगड

उत्तर : सार्वत्रिक निवडणुका धरल्या तर दोनदाच. १९४६ ला मुंबई प्रांताची निवडणूक झाली तेव्हा आपण संस्थानात होतो, विलीनीकरण झालं १ मार्च १९४९ ला. मग १९५२, मग १९५७, आणि पुढच्या खेपेला महाराष्ट्र विधानसभा.

तुमच्या चंदगडची गोष्ट अजून न्यारी. १९५६ पर्यंत तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, पुनर्रचनेत तेवढा उचलून कोल्हापूरला जोडला. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. त्यामुळं १९५७ ला चंदगडच्या माणसानं मुंबईच्या विधानसभेसाठी मत दिलं आणि शिवेपलीकडं बेळगावात नांदणाऱ्या त्याच्याच बहिणीनं म्हैसूरच्या.