बुव्हे बेटावर जायचंय? तयारी शेवटच्या दोनशे मीटरपासून सुरू करा

तुम्ही विचारलंय की दक्षिण अटलांटिकमधल्या निर्मनुष्य बुव्हे बेटावर पुढच्या तीन-चार वर्षांत जायचं आहे, तर जहाज, परवानगी आणि खर्च यांचं नियोजन कुठून सुरू करावं.

किनाऱ्यापासून सुरू करा. जहाज बेटासमोर येऊन उभं राहिलं की उरलेले दोनशे मीटर तुम्ही कसे पार करणार, हे आधी ठरवा. जहाज कोणतं, महिना कोणता, सोबत कोण आणि पैसे किती, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

मी स्वतः बुव्हेवर उतरलेलो नाही, हे आधीच सांगतो. हवामान खात्यात असताना भारताच्या अंटार्क्टिक मोहिमेतून मी मैत्री केंद्रावर गेलो होतो, केपटाउनहून जहाजाने. तो समुद्र मी पाहिलाय. बुव्हे आमच्या वाटेच्या बरंच पश्चिमेला राहिलं, पण जहाजावरच्या नकाशात तो एकटा ठिपका पाहिल्यापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय. हौशी रेडिओवाल्या मित्रांमुळे तिथे गेलेल्या मोहिमांच्या हकिगतीही कानावर पडत गेल्या. जगभरचे हॅम, म्हणजे छंद म्हणून बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी संपर्क साधणारे हे हौशी रेडिओवाले, या बेटाकडे डोळे लावून बसलेले असतात, कारण तिथून संदेश मिळणं फार दुर्मिळ.

बेट आहे जेमतेम ४९ चौरस किलोमीटरचं, आणि त्यातला सुमारे ९३ टक्के भाग हिमनद्यांखाली. सगळ्यात उंच टोक ७८० मीटर. केपटाउन साधारण अडीच हजार किलोमीटरवर, अंटार्क्टिकाचा किनारा १७०० किलोमीटरवर. बंदर नाही, धक्का नाही, धावपट्टी नाही. बर्फाचे आणि खडकाचे कडे बहुतेक सगळीकडे थेट समुद्रात उतरतात, आणि उतरण्याजोग्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या.

म्हणून तर या बेटाचा इतिहास म्हणजे बहुतांशी परत फिरलेल्या जहाजांचा इतिहास आहे. १ जानेवारी १७३९ रोजी फ्रेंच दर्यावर्दी बुव्हे द लोझिए याला ते दिसलं. त्याला उतरता आलं नाही, आणि त्याने त्याची जागाही चुकीची नोंदवली. पुढे कॅप्टन कुकने शोधलं, त्याला सापडलंच नाही. अचूक जागा ठरली १८९८ साली, ‘वाल्दिव्हिया’ या जर्मन जहाजावरून. १९२७ च्या डिसेंबरात नॉर्वेच्या ‘नॉर्व्हेजिया’ जहाजावरच्या मोहिमेची माणसं उतरली आणि महिनाभर राहिली, तेव्हा कुठे बेटाची नीट ओळख झाली. पहिल्या दर्शनापासून जवळजवळ १८९ वर्षं!

आताच्या काळातही फार फरक पडलेला नाही. २०१८ मध्ये वीसेक हौशी रेडिओवाल्यांचा गट चिलीतल्या पुंता अरेनासहून निघाला. जहाजावर हेलिकॉप्टर होती, वर्षानुवर्षांची तयारी होती. बेट समोर आलं, पण ढग खाली, धुकं आणि जोराचा वारा. हेलिकॉप्टर उडवता येईना म्हणून वाट पाहत राहिले, त्यातच जहाजाच्या इंजिनात बिघाड झाला. कप्तानाने मोहीम रद्द करून जहाज केपटाउनकडे वळवलं. कप्तानाचा तो निर्णय मला शंभर टक्के योग्य वाटतो. २०२३ मध्ये दुसरा गट लहान जहाजाने गेला आणि आग्नेय टोकाला, केप फी इथे उतरला. तिथे लाटा अशा फुटतात की रबरी होडी थेट काठाला लावता येत नाही. माणसं पाणबंद सूट घालून होडीतून पाण्यात उतरली, दोरीच्या आधाराने पोहत किनाऱ्याला लागली, आणि सामानही दोरीनेच ओढून घेतलं. ठरवलेल्यापैकी बरंच सामान जहाजावरच ठेवावं लागलं. तरी काम झालं.

या दोन हकिगती शेजारी ठेवून बघा, म्हणजे तुम्हाला खरं काय विकत घ्यायचंय ते कळेल. तुम्ही विकत घेणार आहात बेटासमोर थांबण्याचे दिवस. दहा नॉट (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) वेगाने केपटाउनहून पाच-सहा दिवसांत पोहोचता येतं, तेही समुद्राने ऐकलं तर. पण पोहोचल्यावर जहाज किती दिवस थांबेल, यावर सगळं अवलंबून आहे. दोन-तीन दिवसांवर भिस्त ठेवणारी योजना मी तरी स्वीकारणार नाही. जहाजमालकाशी करार करताना थांबण्याचे दिवस, इंधनाचा राखीव साठा आणि उतरता आलं नाही तर पैशांचं काय, हे तिन्ही मुद्दे लेखी हवेत. उतरायचं की नाही यावर शेवटचा शब्द कप्तानाचा, हेही त्यात लिहा आणि गटातल्या प्रत्येकाची त्यावर सही घ्या. पैसे भरलेल्या माणसांनी कप्तानावर दबाव आणणं, याइतकं धोकादायक त्या समुद्रात काही नाही.

खर्चाचं म्हणाल तर स्वतंत्र जहाज भाड्याने घेतलंत की हिशेब कोटींत जातो. रेडिओवाले तो आपापसांत वाटून घेतात आणि जगभरच्या क्लबांकडून देणग्या गोळा करतात. एकट्यासाठी परवडणारी वाट म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं उश्वाया बंदर ते केपटाउन असा लांबचा प्रवास करणारं पर्यटन जहाज. अशा एखाद्या सफरीत अधूनमधून बुव्हेचं नाव असतं. ‘हवामान साथ देईल तर’ ही अट त्यात असतेच, आणि ती अगदी गंभीरपणे घ्यायची.

महिना डिसेंबर ते फेब्रुवारी, कारण तेव्हा तिथे उन्हाळा. हिवाळ्यात समुद्रावरचा बर्फ बेटापर्यंत येतो. पण उन्हाळ्यात वेगळी अडचण. पश्चिमेला नीरोइसा नावाचा सपाट पट्टा आहे, १९५५ ते १९५८ च्या दरम्यान दरड कोसळून तयार झालेला. उतरायला बरी अशी तीच जागा, आणि पेंग्विन व फर सील यांची वसाहतही तिथेच, म्हणजे त्यांना त्रास न देता उतरायचं. नॉर्वेचं संशोधन केंद्रही तिथेच उभारलेलं. १९९६ चं आधीचं केंद्र भूकंपानंतर वाऱ्याने समुद्रात नेलं. आताचं २०१४ चं.

बेट नॉर्वेच्या ताब्यात आहे आणि भोवतालच्या सागरी पट्ट्यासह १९७१ पासून राखीव क्षेत्र आहे. अंटार्क्टिक करार ६० अंश दक्षिणेच्या पलीकडे लागू होतो, बुव्हे ५४ अंशांवर. त्यामुळे इथे नॉर्वेचाच कायदा. उतरण्याच्या परवानगीसाठी नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरातल्या नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेला लिहा, आणि जहाजाचे पैसे भरण्याआधी लिहा. कुठे उतरणार, किती जण, कचरा परत कसा आणणार, हे सगळं मांडावं लागेल. बूट, पिशव्यांचे कप्पे, जॅकेटचे चिकटपट्टे झाडूनपुसून स्वच्छ हवेत, एकही बी किंवा मातीचा कण जाता कामा नये. २०२३ मध्ये बर्ड फ्लू दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटापर्यंत पोहोचला, तेव्हापासून ही काळजी जास्तच गरजेची झाली आहे. परवानगी नाकारली गेली तर वाद घालू नका. तिथल्या पक्ष्यांचा हक्क आपल्या हौसेहून मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

व्हिसाचं थोडक्यात: दक्षिण आफ्रिकेतून जाऊन तिथेच परतणार असाल तर एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा.

थंडीची भीती बाळगू नका. वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या जरा खाली, लेह-लडाखची सवय असेल तर काहीच नाही. तिथे छळतात वारा आणि ओल. पाण्यात पडलात तर काही मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात. म्हणून किनाऱ्यावर पहिली खेप जाईल ती तंबू, स्टोव्ह आणि आठवडाभराच्या शिध्याची. हवा फिरली आणि जहाजाशी संपर्क तुटला तर तेवढ्यावर निभावलं पाहिजे. गटात डॉक्टर हवाच. बेट दक्षिण आफ्रिकेच्या शोध-बचाव क्षेत्रात येतं, पण मदत यायला दिवस लागतील. निघण्याआधी दात तपासून घ्या, जुनी दुखणी लपवू नका. आम्हाला मैत्रीला पाठवण्यापूर्वी दिल्लीला एम्समध्ये तपासणी आणि उत्तराखंडात औलीला आयटीबीपीचं (भारत-तिबेट सीमा पोलीस) प्रशिक्षण होतं, आणि त्या शिस्तीचा उपयोग मला पुढे रोज झाला. तुम्ही उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेतला गिर्यारोहणाचा प्राथमिक कोर्स करू शकता.

बोट लागते का, म्हणजे समुद्रात मळमळतं का, हेही आताच तपासा. पन्नास अक्षांशाच्या खाली जहाज असं डोलतं की पट्टीचे खलाशीसुद्धा जेवण टाळतात, आणि आठवडाभर पोटात काही न टिकलेला माणूस लाटांतून किनारा गाठू शकत नाही. पावसाळा संपताना कोकण किनाऱ्यावर अजून लाटा असतात. तेव्हा जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली, लाइफ जॅकेट घालून, रबरी होडीतून पाण्यात उतरणं आणि पुन्हा होडीत चढणं याचा सराव करा. पूर्ण कपड्यांत, पाठीवर ओझं घेऊन. ते जमलं की मग ट्रोम्सोला पत्र लिहायला बसा.